डिंगी (होडी)

डिंगी ही मोठ्या नौकेबरोबर तिच्या सेवेसाठी नेली जाणारी लहान, उघडी होडी होय. मोठी नौका खोल पाण्यात नांगरून ठेवावी लागते. तेथून किनाऱ्यापर्यंत माणसे, पिण्याचे पाणी, इंधन, शिधा व इतर सामान नेण्या-आणण्याचे काम डिंगी करते. बंदरात धक्क्याला लागणाऱ्या जहाजाला तिची गरज क्वचित भासते. परंतु ज्या शिडाच्या नौकांवर माणसे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, घर करून राहतात आणि निरनिराळ्या खाड्यांत नांगर टाकत फिरतात, त्यांना डिंगीवाचून दिवस काढणे कठीण असते. वाडीवस्तीवरच्या घराला सायकल जशी, तशी या तरंगत्या घराला डिंगी असते.

अशा नौकेसाठी डिंगी निवडताना वजन हा सर्वांत महत्त्वाचा आणि तितकाच फसवा निकष ठरतो. होडी हलकी असेल तर ती उचलता येते, वाळूवरून ओढता येते व नौकेच्या छतावर ठेवता येते. मात्र माणसे व सामान भरल्यावर ती पाण्यात कितपत सुरक्षित राहील, हे तिच्या रिकाम्या वजनावरून कळत नाही. हा पेच केवळ समुद्रावरचा नाही. समुद्रापासून दूर असलेल्या पुणे जिल्ह्याच्या भीमा व घोड नद्यांवर आणि उजनी जलाशयातही लहान होडी निवडणाऱ्याला तो सोडवावा लागतो.

'डिंगी' हे नाव शर्यतीच्या लहान शिडाच्या होड्यांनाही दिले जाते. मुलांच्या नौकानयन प्रशिक्षणात जगभर वापरली जाणारी ऑप्टिमिस्ट ही अशीच एक होडी होय. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली तिचा आराखडा केला. ती २.३६ मीटर लांब असून तिचे वजन ३५ किलो असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः नौकेच्या सेवेतील डिंगीचा विचार केला आहे.

शब्द

इंग्रजीतील हा शब्द मूळ भारतीय आहे. हिंदी व बंगालीतील 'डिंगी' हा लहान होडीचा वाचक शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रज खलाशांनी उचलला. 'ग'चा उच्चार इंग्रजी वाचकाने 'ज' करू नये म्हणून त्याच्या इंग्रजी लेखनात एक जादा अक्षर घालण्यात आले. बंगालमध्ये नदीवरच्या लहान नावेला आजही डिंगीच म्हणतात. मराठीत हा शब्द इंग्रजीच्या वाटेने परत आला आणि तोही मुख्यतः नौदल, नौकानयन मंडळे व क्रीडावृत्ते यांपुरता राहिला. कोकणच्या किनाऱ्यावर त्याची जागा होडी, होडके व पडाव या शब्दांनी पूर्वीपासून घेतलेली आहे. गलबत खाडीच्या तोंडाशी नांगरून माणसे पडावाने उतरवणे ही तेथील नित्याची रीत होती. त्यामुळे वस्तू जुनीच असून मराठीत केवळ नाव नवे आहे.

दोन जुने दाखले

जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने केलेली ही पहिली ज्ञात पृथ्वीप्रदक्षिणा होय. त्यांच्यापुढे डिंगीचा प्रश्न अगदी उघड्या स्वरूपात उभा होता. पूर्ण लांबीची मच्छिमारी होडी 'स्प्रे'च्या छतावर मावत नव्हती आणि एकट्या माणसाला ती पाण्यात सोडणेही शक्य नव्हते. त्यांनी एक टाकून दिलेली होडी मिळवली, ती मधोमध करवतीने कापली आणि कापलेल्या बाजूला फळ्या ठोकल्या. हे अर्धे होडके शीड चढवण्याच्या दोराने उचलता येई. एरवी कपडे धुण्याचे व अंघोळीचे टोपले म्हणून त्याचा उपयोग होई.

या युक्तीची दुसरी बाजू उरुग्वेच्या किनाऱ्यावर दिसून आली. 'स्प्रे' वाळूत रुतली, तेव्हा तिला ओढून काढण्यासाठी नांगर दूर खोल पाण्यात नेऊन टाकणे आवश्यक होते. नांगर व दोर यांच्या भाराने अर्धी होडी पाण्याने भरली आणि पुढे उलटलीही. स्लोकम यांना पोहता येत नव्हते. उलट्या होडीला धरून ते कसेबसे किनाऱ्याला लागले. उचलण्यासाठी योग्य ठरलेली होडी भार वाहण्यास अपुरी पडली, एवढाच या प्रसंगाचा अर्थ आहे. त्यानंतरही त्यांनी ती टाकून दिली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा दाखला रॉबर्टसन या ब्रिटिश कुटुंबाचा आहे. १५ जून १९७२ रोजी गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेस देवमाशांच्या जातीतील किलर व्हेलच्या धडकेने त्यांची 'ल्युसेट' ही लाकडी नौका फुटून काही मिनिटांतच बुडाली. डुगल रॉबर्टसन, त्यांची पत्नी, थोरला मुलगा, दोन जुळे मुलगे व एक तरुण सहप्रवासी असे सहा जण हवेचा जीवरक्षक तराफा आणि 'एडनामेअर' ही सुमारे ९ फुटांची फायबरग्लासची डिंगी यांच्या आश्रयाने वाचले. सुरुवातीला डिंगीला शीड लावून तिच्याकडून तराफा ओढवला गेला. १७ दिवसांनी तराफा निकामी झाला आणि सहाही जणांना त्या एका डिंगीत यावे लागले. काठ पाण्याच्या वर काही इंचच उरत असल्याने कोणी जागा बदलायची झाली तरी इतरांना तोल सांभाळून बसावे लागे. एकूण ३८ दिवसांनी, २३ जुलै रोजी, एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. ही डिंगी इंग्लंडमधील फालमथ येथील सागरी संग्रहालयात जतन केलेली आहे. हा अनुभव रॉबर्टसन यांनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तो वाचल्यावर अनेक दर्यावर्दी कुटुंबांनी कडक तळाच्या, बुडू न शकणाऱ्या डिंगीचा आग्रह धरला.

वजन कोणी उचलायचे

डिंगीच्या जाहिरातीत दिलेले वजन बहुधा रिकाम्या सांगाड्याचे असते. त्यात बैठकीची फळी, वल्ही, नांगर, दोर, पाणी उपसण्याचे भांडे, इंधनाची टाकी व इंजिन यांचा समावेश नसतो. ३० किलोंची म्हणून घेतलेली होडी प्रत्यक्ष वापरात ६० किलोंच्या पुढे जाते. म्हणून अनुभवी लोक वजनाचा विचार दोन भागांत करतात. इंजिन व सामान काढल्यावर नुसती होडी किती जड आहे, हा पहिला भाग. इंजिन एका माणसाला हलत्या होडीतून नौकेच्या कठड्यावर चढवता येईल का, हा दुसरा. दुसरा प्रश्न अधिक अवघड असूनही तो सहसा विकत घेतल्यानंतर सुचतो.

मोजमाप नौकेवरील सर्वांत बलवान माणसाच्या बेताने करू नये. नवरा-बायको दोघेच राहत असतील आणि एक जण आजारी पडला, तर दुसऱ्याला एकट्याने डिंगी पाण्यात सोडून मदत आणता आली पाहिजे. हाच खरा निकष होय. सुमारे २५ ते ३० किलोंपर्यंतची होडी सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीला वाळूवरून एक टोक उचलून ओढता येते. ४० ते ५० किलोंच्या होडीला दोन माणसे किंवा चाके लागतात. त्याहून जड होडी उचलण्यासाठी शीड चढवण्याचा दोर व चरखी यांचा आधार घ्यावा लागतो. नौकेजवळ ही सोय असते. किनाऱ्यावर ती नसते.

भार आणि काठ

होडीत ठेवलेला प्रत्येक किलो आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो. २.४ मीटर लांब व १.२ मीटर रुंद अशा लहान होडीचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ, तिचा आकार टोकाकडे निमुळता असल्यामुळे, सुमारे २ चौरस मीटर भरते. त्यामुळे दर १०० किलो भारामागे ती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाते. ७० किलोंची चार माणसे बसली की ती १४ सेंटिमीटर बुडते. रिकामी असताना तिचा काठ पाण्यापासून ३५ सेंटिमीटर वर असेल, तर आता २१ उरले. त्यातच एखादा प्रवासी पिशवी घेण्यासाठी एका बाजूला झुकला की त्या बाजूचे अंतर आणखी निम्म्याने कमी होते. एवढ्या उंचीची लाट सायंकाळच्या साध्या वाऱ्यातही उठते.

होडी जितकी हलकी, तितके तिच्या एकूण वजनातील माणसांचे प्रमाण मोठे. ३० किलोंच्या होडीत २८० किलो माणसे बसली म्हणजे होडीचा तोल माणसांच्याच हालचालीवर अवलंबून राहतो. जड लाकडी पडावात एक माणूस उठून उभा राहिला तर विशेष काही घडत नाही. हलक्या डिंगीत त्यानेच अपघात होऊ शकतो.

अमेरिकेत लहान होड्यांच्या क्षमतेसाठी एक सोपे गणित सांगितले जाते. होडीची लांबी व रुंदी फुटांत मोजून त्यांच्या गुणाकाराला १५ ने भागले की शांत हवामानात किती माणसे बसवावीत याचा अंदाज येतो. ८ फूट लांब व ४ फूट रुंद होडीसाठी हे उत्तर दोन येते. प्रत्यक्षात अशा होडीत चार जण बसलेले सर्रास दिसतात. हे गणित खवळलेल्या पाण्याला लागू नाही आणि त्यात सामानही धरलेले नाही.

सामानाचा भार थोडा नसतो. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरले, तर दोघांच्या दहा दिवसांसाठी ८० लिटर, म्हणजे २० लिटरांचे चार कॅन लागतात. हे ८० किलो वजन म्हणजे एका जादा प्रवाशाइतकेच झाले. फरक इतकाच की तो प्रवासी तळाशी स्थिर बसून राहतो. घाईत असलेले लोक कॅन बैठकीवर ठेवतात आणि तोही फायदा घालवतात.

प्रकार व साहित्य

कडक सांगाड्याच्या डिंग्या लाकूड, प्लायवूड, फायबरग्लास, ॲल्युमिनियम किंवा पॉलिएथिलीन यांपासून बनवतात. पातळ प्लायवूडच्या पट्ट्या तारेने शिवून त्यांचे सांधे राळेने पक्के करण्याची पद्धत १९६२ च्या 'मिरर' डिंगीमुळे लोकप्रिय झाली. जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी तयार केलेली ही होडी घरच्या घरी बांधता येईल अशा बेताने आखलेली होती आणि तिचे नाव एका ब्रिटिश वृत्तपत्रावरून पडले. याच पद्धतीने बांधलेली ८ फुटांची साधी होडी ३० ते ४० किलोंत बसते. ती वल्ह्यांनी उत्तम चालते आणि तिची दुरुस्ती कोणत्याही गावच्या सुताराला जमते. दूरच्या मुलखात हा गुण फार मोलाचा ठरतो. साच्यात ओतलेल्या पॉलिएथिलीनच्या होड्या खडकावर घासल्या तरी टिकतात. मात्र त्या आकाराच्या मानाने जड असतात. ८ फुटांच्या आतल्या दुहेरी भिंतीच्या अशा एका होडीचे वजन ५८ किलो आहे.

फायबरग्लास व ॲल्युमिनियम हे दोन्ही पदार्थ पाण्यात बुडतात. त्यामुळे त्यांच्या होडीत हवाबंद कप्पे किंवा फेस भरलेल्या बैठका असणे अत्यावश्यक आहे. विकत घेण्यापूर्वी होडी उथळ पाण्यात मुद्दाम पाण्याने भरून पाहावी. ती माणसासह तरंगत राहते की नाही हे तेव्हाच कळते. विक्रेत्यांना ही चाचणी आवडत नाही.

हवेने फुगवायच्या होड्यांना विसाव्या शतकाच्या मध्यापासून मान्यता मिळाली. आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९५२ साली 'झोडियाक' बनावटीच्या ४.६५ मीटर लांबीच्या हवेच्या होडीतून अटलांटिक महासागर ओलांडला. हवेच्या होडीवरचा अविश्वास त्यानंतर बराच ओसरला. या होड्यांच्या नळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. एक कप्पा फुटला तरी उरलेले होडीला तरंगत ठेवतात. रुंद नळ्यांमुळे त्या सहजासहजी कलंडत नाहीत. पाण्यातून पोहून आलेला माणूस त्यांत बाजूने चढू शकतो. कडक होडीत हे फार अवघड असते. हवा सोडून गुंडाळता येणारी २.५ मीटरच्या आसपासची होडी २५ ते ३० किलोंची असते.

अशा होड्यांचा मोठा दोष म्हणजे त्या वल्ह्यांनी नीट चालत नाहीत. वारा समोरून असेल तर त्यांच्या जाड नळ्याच शिडासारखे काम करतात व होडी मागे ढकलली जाते. इंजिन बंद पडल्यावर किनाऱ्यापासून दूर वाहून गेलेल्या डिंग्यांत हवेच्या होड्याच अधिक आढळतात, ते याच कारणाने. दुसरा दोष कापडाचा. पीव्हीसीचे कापड स्वस्त व हलके असते. विषुववृत्ताजवळच्या उन्हात ते काही वर्षांत चिकट होते व त्याचे सांधे सुटू लागतात. 'हायपॅलॉन' या नावाने ओळखले जाणारे कृत्रिम रबराचे कापड ऊन, पेट्रोल व घासणे चांगले सोसते. ड्युपॉन्ट कंपनीने त्याचे उत्पादन २०१० साली थांबवले, तरी इतरांचे तशाच जातीचे कापड बाजारात मिळते व जुनेच नाव त्याला चिकटून राहिले आहे. भारतासारख्या उन्हाच्या देशात पीव्हीसीच्या होडीला कापडी आच्छादन शिवून घेणे हा निम्म्या खर्चाचा उपाय ठरतो.

कडक तळ आणि हवेच्या नळ्या यांचा मेळ घालणारा प्रकार आज सफरी नौकांवर सर्वाधिक दिसतो. ३ मीटरच्या आसपासची अशी होडी ॲल्युमिनियमचा तळ असेल तर ४० ते ५० किलोंची व फायबरग्लासचा असेल तर ५५ ते ७० किलोंची असते. घडीच्या होड्या आणि दोन तुकडे एकात एक बसवून ठेवायच्या होड्या हेही पर्याय आहेत. स्लोकम यांच्या करवतीची आठवण करून देणारा हा दुसरा प्रकार हौशी बांधकाम करणाऱ्यांत विशेष आवडता आहे.

वल्ही व इंजिन

पाण्यात बुडून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने मर्यादित असतो. पाण्याच्या पातळीवर ८ फूट लांब असलेल्या होडीची ही मर्यादा ताशी सुमारे ३.८ सागरी मैल आहे. त्याहून जास्त वेग हवा असेल तर होडीला पाण्याच्या पृष्ठावर चढून घसरावे लागते. त्यासाठी सपाट तळ, कमी वजन व पुरेसे इंजिन लागते. २.५ अश्वशक्तीचे इंजिन साधारण १७ किलोंचे, ६ अश्वशक्तीचे २५ ते २७ किलोंचे, तर १५ अश्वशक्तीचे सुमारे ५० किलोंचे असते. म्हणजे वेगाच्या हौशीपायी होडीपेक्षा इंजिन जड होऊ शकते. नांगरलेल्या जागेपासून किनारा अर्ध्या मैलावर असेल तर या वेगाने वाचणारा वेळ काही मिनिटांचाच असतो. प्रवाळबेटांच्या प्रदेशात, जेथे बाजार दोन-तीन मैलांवर असतो, तेथे मात्र मोठ्या इंजिनाचे समर्थन होऊ शकते.

सफरी नौकेचे मुख्य इंजिन बहुधा डिझेलचे असते व डिंगीचे पेट्रोलचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साठते व एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून पेट्रोलचा कॅन खालच्या खोलीत न ठेवता उघड्या छतावर बांधून ठेवतात. हा त्रास टाळण्यासाठी विजेवर चालणारी इंजिने घेण्याकडे कल वाढला असून ती सौर पट्ट्यांवर भारित करता येतात. त्यांचा पल्ला कमी असतो. इंजिन कोणतेही असले तरी वल्ही होडीत असलीच पाहिजेत आणि ती खरोखर होडी हाकता येईल इतकी लांब असली पाहिजेत. हवेच्या होड्यांबरोबर मिळणारी आखूड वल्ही बहुधा दाखवण्यापुरतीच असतात.

ठेवण्याची जागा व किनारा

डिंगीची लांबी ठरते ती नौकेच्या छतावरील मोकळ्या जागेने. १० ते ११ मीटरच्या नौकेवर डोलकाठी व नाळ यांच्या मध्ये २.४ मीटरची होडी पालथी ठेवता येते. त्याहून मोठी क्वचितच मावते. नौकेच्या मागे लोखंडी हातांवर टांगून ठेवणे सोयीचे असले, तरी खुल्या समुद्रात मागून येणारी लाट टांगलेली होडी भरून टाकते व सगळा भार त्या हातांवर येतो. दोराने मागे ओढत नेणे तर शांत खाडीपुरतेच ठीक. वादळात ओढत नेलेली डिंगी दोर तोडून जाते किंवा नौकेवरच येऊन आदळते. रात्री ती पाण्यात न सोडता नौकेच्या बाजूला उचलून बांधण्याची प्रथा चोरी टाळण्यासाठी पडली. त्यामुळे तळाला शेवाळ व शिंपले धरत नाहीत, हा आणखी एक लाभ.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर हलकेपणाचे मोल भरती-ओहोटीमुळे वाढते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटीतील फरक ४ मीटरांहून अधिक असतो, तर गोव्यात तो सुमारे २ मीटर असतो. भरतीच्या वेळी काठाला लावलेली होडी बाजार करून परत येईपर्यंत चिखलात बरीच वर राहिलेली असते. ओहोटीत लावलेली होडी वर ओढून ठेवली नाही तर वाहून जाते. खाडीच्या गाळात चाके रुततात. तेथे हाताने ओढता येईल इतकीच होडी कामाची.

भारतीय नौदलाच्या 'म्हादेई' व 'तारिणी' या गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी शिडाच्या नौकांच्या पृथ्वीप्रदक्षिणांमुळे मराठी वाचकाला दूरच्या सागरी सफरींची ओळख झाली. दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'वरून १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने प्रदक्षिणा केली. ती करताना ते चारच बंदरांत थांबले. त्या मोहिमांचे स्वरूप दीर्घ व अखंड प्रवासाचे असल्याने त्यांच्यावरून डिंगीच्या रोजच्या उपयोगाची कल्पना येत नाही. नौकेवर राहणाऱ्या कुटुंबाचा बहुतेक काळ नांगरावर जातो आणि त्याचे खरे वाहन डिंगीच असते.

अपघात

घर करून राहणाऱ्या दर्यावर्दी लोकांना मोठ्या समुद्राइतकाच नौका व किनारा यांमधील लहानसा पट्टा धोक्याचा असतो. तेथे माणसे जाकीट न घालता, रात्री, दिव्याशिवाय आणि एकाच फेरीत सगळ्यांना नेण्याच्या घाईत निघतात. उभे राहून इंजिन चालवणारा माणूस पाण्यात पडला की मोकळी होडी गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. हे टाळण्यासाठी इंजिनाला एक दोरी असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असल्यास तो पडताच इंजिन बंद होते. ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली अनेकदा दिसते.

भीमा व घोड खोऱ्यातील लहान होड्या

भीमाशंकर येथे उगम पावणारी भीमा शिरूर व दौंड तालुक्यांच्या सीमेवरून वाहते. रांजणगाव सांडस येथे तिला मुळा-मुठा मिळते. शिरूर शहर घोड नदीच्या काठी असल्याने ते 'घोडनदी' या नावानेही ओळखले जाते. घोड पुढे भीमेला मिळते. दौंड शहर भीमेच्या काठावर आहे. या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहत व उन्हाळ्यात त्यांचे डोह तेवढे उरत. त्यामुळे येथे वर्षभर पाण्यात राहणारी मोठी नाव परवडणारी नव्हती. याच भीमेवर पुढे पंढरपूरला, चंद्रभागेच्या पात्रात, कोळी समाजाच्या होड्या वारकऱ्यांना पैलतीरी नेतात. तेथे ये-जा अखंड असल्याने मोठ्या होड्या टिकल्या.

नदी ओलांडण्याची साधने घरातलीच असत. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड महाराष्ट्रात सर्वत्र परिचित होती. ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून तीत बसून पूर ओलांडल्याची उदाहरणे आहेत. दौंड तालुका गुऱ्हाळांसाठी प्रसिद्ध आहे. काहील रुंद, उथळ व गोल असते. तिला कणा नसल्याने ती जागच्या जागी फिरते आणि भार एका बाजूला गेला की काठावरून पाणी आत येते. वर डिंगीच्या काठाविषयी जे गणित सांगितले, ते काहिलीला जसेच्या तसे लागू पडते.

सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यावर या भागातील पाण्याचे स्वरूप बदलले. यशवंतसागर या जलाशयाचा फुगवटा इंदापूर, करमाळा व कर्जत तालुक्यांबरोबर दौंड तालुक्यातही येतो. नदीच्या जागी मैलोगणती रुंद पाणी आले आणि मासेमारी करणाऱ्या भोई समाजाला व इतरांनाही लहान होडी रोजची गरज झाली. पावसाळ्याअखेर भरलेला जलाशय उन्हाळ्यात मागे हटतो. होडी लावण्याची जागा गाळातून दूर सरकत जाते. कोकणच्या खाडीत दिवसातून दोनदा घडणारी ही गोष्ट येथे वर्षातून एकदा घडते. निष्कर्ष मात्र तोच: होडी दोन माणसांना चिखलातून ओढता आली पाहिजे. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारे मच्छिमार राज्यातील अनेक धरणांवर दिसतात. हलकेपणाची ही परिसीमा असून तिच्यात वाऱ्यापासून बचावाची कोणतीही तरतूद नाही.

रुंद जलाशयात वाऱ्याला लांबवर मोकळे पाणी मिळते व लाट उंच होते. नदीच्या पात्रात पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेला अंदाज येथे पुरा पडत नाही. वळवाच्या दिवसांत तर वारा काही मिनिटांत उठतो. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत लहान मुलेही होती. होडीतील एक जण पोहून काठाला पोहोचला. पाच वर्षांपूर्वी, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी होडी उलटून अनेक जण बुडाले होते. तीत क्षमतेहून अधिक माणसे बसली होती. वेढा पडलेल्या गावात 'पुढच्या फेरीला या' असे सांगणे सोपे नसते.

पूरबचावासाठी आता हवेच्या होड्यांचा वापर सर्वत्र होतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. हवा काढलेली होडी ट्रकमध्ये मावते, रस्ता संपेल तेथे जवान ती खांद्यावर नेतात आणि पाण्याच्या काठी ती फुगवली जाते. नौकेवर राहणारे लोक ज्या कारणांसाठी ही होडी पसंत करतात, तीच कारणे येथेही आहेत. तिचा वल्ह्यांचा दोष येथे कमी जाणवतो, कारण बचाव पथकाजवळ सुटे इंजिन व प्रशिक्षित माणसे असतात.

यांत्रिक होड्यांची नोंदणी व तपासणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार होते. या कायद्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. वल्ह्यांच्या होड्यांच्या नोंदीची तरतूदही त्यात असून ते काम स्थानिक पातळीवर सोपवता येते. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना जलाशयावर लहान होड्या हाकण्याचे व शिडे सांभाळण्याचे शिक्षण दिले जाते. त्या शिक्षणात होडी मुद्दाम उलटवून ती पुन्हा सरळ करणे हा एक नेमाचा पाठ असतो.